बर्फ, घाट आणि मागची चाकं

बर्फ पडणाऱ्या देशांतल्या गाडीवाल्यांमध्ये एक गोष्ट जवळजवळ म्हणीसारखी सांगितली जाते. हिवाळा लागला की स्पोर्ट्स कार झाकून ठेवायची आणि रोजच्या कामाला साधी गाडी काढायची. कारण उघड आहे. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. टायर रुंद, इंजिन जोरकस. निसरड्या बर्फावर अशी गाडी कुठल्या क्षणी गिरकी घेईल आणि तिची शेपटी पुढे येईल याचा नेम नसतो.

आता पणजी-म्हापशाच्या माणसाला याच्याशी काय देणंघेणं, असं तुम्ही विचाराल. मी स्वतः बर्फ पाहिला तो पडद्यावर आणि फ्रीजमध्ये! पण इतिहास वाचायची खोड असली की माणूस कुठेही जाऊन पोचतो. माँटे कार्लो रॅली ही युरोपातली हिवाळ्यातली सगळ्यांत नावाजलेली मोटार स्पर्धा. जानेवारीत, आल्प्सच्या घाटांतून, बर्फ आणि गोठलेल्या पाण्यावरून धावणारी. तिच्या विजेत्यांची यादी वाचत होतो आणि वर सांगितलेली म्हण आणि ही यादी काही केल्या जुळेना. १९६८ ते १९८३ या काळात ही रॅली पंधरा वेळा झाली (१९७४ साली तेलटंचाईमुळे ती भरलीच नाही). त्या पंधरांपैकी चौदा वेळा जिंकलेली गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती. ज्या गाडीला हिवाळ्यात घराबाहेर काढू नका म्हणतात, तीच गाडी हिवाळ्यातली सगळ्यांत अवघड शर्यत जिंकत होती. असं का? या प्रश्नामागे लागलो आणि हा लेख झाला.

आधी बर्फाचं थोडं गणित पाहू. टायर रस्त्याला किती घट्ट धरून राहतो यावर सगळं अवलंबून असतं. कोरड्या डांबरावर ही पकड शंभरातली ऐंशी मानली, तर दाबून बसलेल्या बर्फावर ती वीस-तीस होते आणि पाणी गोठून काच झालेल्या रस्त्यावर दहाच्या आसपास. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर ती बारा-तेरा मीटरमध्ये थांबेल. दाबलेल्या बर्फावर तिला पन्नासेक मीटर लागतील आणि काचेसारख्या बर्फावर जवळजवळ शंभर. म्हणजे घरासमोरच्या फाटकाशी थांबायचं म्हणून ब्रेक दाबला तर गाडी चार घरं ओलांडून जाणार!

दुसरी गोष्ट अशी की टायरकडे ही पकड एकाच पिशवीत असते. त्या पिशवीतूनच गाडी पुढे ढकलायची, त्यातूनच वळवायची आणि त्यातूनच थांबवायची. वळताना सगळी पकड खर्ची पडली असेल आणि त्याच वेळी कुणी जोरात रेस दिली, तर पिशवी रिकामी होते आणि टायर घसरतो. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं नाकारते आणि सरळ जाते. मागची घसरली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची बदनामी आहे ती या दुसऱ्या प्रकारासाठी.

पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या सगळ्या गाड्या एका जातीच्या नसतात. आपली जुनी अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी आठवा. इंजिन पुढे, ताकद मागे. मागची डिकी रिकामी असली तर ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच वजन कमी. आपल्याकडच्या ओल्या चढणीवर भरलेला टेम्पो मुकाट चढतो आणि रिकामा टेम्पो चाकं गरागरा फिरवत बसतो, हे आपण पावसाळ्यात पाहतोच. म्हणूनच बर्फाच्या देशांत असल्या गाडीच्या डिकीत वाळूची पोती टाकायची पद्धत पडली. आता समजा, वाळूच्या पोत्याऐवजी इंजिनच उचलून मागच्या चाकांवर ठेवलं तर? साऱ्या कथेची किल्ली इथे आहे.

माँटे कार्लो रॅली सुरू झाली १९११ साली. मोनाको हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं चिमुकलं राज्य. हिवाळ्यात श्रीमंत पाहुणे तिथल्या जुगारघरांत आणि हॉटेलांत यावेत, त्यांच्या मोटारी मिरवत याव्यात, हा साधा व्यापारी हेतू. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघायचं आणि भर हिवाळ्यात मोनाकोला पोचायचं. पहिल्या वर्षी २३ गाड्या निघाल्या. पॅरिसहून तुर्का-मेरी गाडी घेऊन आलेला आंरी रूजिए विजेता ठरला. त्या काळी नुसता वेग मोजत नसत. गाडी किती शोभिवंत, प्रवासी किती आरामात आले, गाडी कुठल्या अवस्थेत पोचली, याचेही गुण असत. साहजिकच निकालावरून भांडणं झाली. पण एक गोष्ट निर्विवाद होती. त्या गाड्या मागच्या चाकांवरच चालत, कारण त्या काळी मोटार म्हटली की ती तशीच असायची. कुणी त्याला दोष मानत नव्हतं. दुसरं काही ठाऊकच नव्हतं ना!

इथे एक आपल्या जवळचा धागा. निघायच्या शहरांमध्ये लिस्बनही असे. १९५१ सालची रॅली जिंकणारा फ्रेंच चालक जाँ त्रेवू देलाहाय गाडी घेऊन लिस्बनहूनच निघाला होता. आपल्याकडे तेव्हा सालाझारचा अंमल. ज्या शहरातून आपल्यासाठी हुकूम सुटत, त्याच शहरातून निघून एक लांबलचक मागच्या चाकांची गाडी हिवाळ्यातून मोनाकोला गेली होती. असो.

१९६० नंतर चित्र पालटलं. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, अशा छोट्या गाड्या आल्या. इंजिनाचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर, त्यामुळे बर्फात त्या बकरीसारख्या चढत. १९६१ साली फ्रान्सची पानार जिंकली. १९६२ आणि १९६३ साली स्वीडनचा एरिक कार्लसन साब घेऊन जिंकला. १९६४ साली पॅडी हॉपकर्क मिनी कूपर घेऊन जिंकला, १९६५ साली फिनलंडचा टिमो मॅकिनेन मिनीतूनच. १९६६ साली पहिल्या आलेल्या मिनी गाड्या दिव्यांच्या नियमावरून बाद केल्या गेल्या आणि सिट्रोएनला विजय मिळाला, तीही पुढच्या चाकांवरची. १९६७ साली पुन्हा मिनी. सलग सात वर्षं! मागच्या चाकांचा जमाना संपला असं कुणी म्हटलं असतं तर त्याला खोटं कोण पाडणार?

पण याच सात वर्षांच्या मध्यावर एक प्रसंग घडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६५ सालची रॅली हिमवादळात सापडली. २३७ गाड्या निघाल्या आणि जेमतेम ३५ माँटे कार्लोला पोचल्या. बाकीच्या फ्रान्सच्या डोंगरांत कुठे कुठे अडकून राहिल्या. अशा वर्षी मॅकिनेनची मिनी पहिली आली यात नवल नाही. तिसरी आली पॅट मॉस, साब घेऊन. तीही पुढच्या चाकांची. पण दुसरी गाडी? ती होती पोर्शे ९०४. ही साधी स्पोर्ट्स कारसुद्धा नव्हे, जवळजवळ शर्यतीच्या मैदानावरची गाडी. फायबरग्लासचं अंग, जमिनीला टेकलेली, चालकाच्या पाठीमागे इंजिन, ताकद मागच्या चाकांना. आदल्या वर्षी याच प्रकारच्या गाडीनं सिसिलीतल्या उन्हातली टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली होती. ती हिमवादळात न्यायची म्हणजे पोहण्याच्या कपड्यांत हिमालयात जाण्यासारखं! चालवत होता ऑयगन ब्योरिंगर, व्यवसायानं हॉटेलवाला. शेजारी होता रोल्फ व्युटरिश, पोर्शेचा मेकॅनिक. १९५५ साली अमेरिकन नट जेम्स डीन ज्या मोटार अपघातात गेला, त्या गाडीत त्याच्या शेजारी बसलेला आणि वाचलेला माणूस तो हाच.

याच रॅलीत पोर्शेची तेव्हा नवी असलेली ९११ गाडी पहिल्यांदा उतरली आणि पाचवी आली. या दोन्ही निकालांकडे त्या वेळी गंमत म्हणून पाहिलं गेलं असेल. पण त्यांत एक धडा होता. बर्फात अडचण मागची चाकं ढकलतात याची नसते. त्यांच्यावर वजन नसलं की अडचण होते.

पोर्शे घराण्याला हा धडा तसा जुनाच ठाऊक असावा. युद्धाच्या शेवटी ही कंपनी जर्मनी सोडून ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या डोंगरी गावात गेली होती आणि ‘पोर्शे’ नावाची पहिली गाडी १९४८ साली तिथेच, एका जुन्या लाकूड गिरणीत बनली. ऑस्ट्रियातच त्सेल-आम-झे इथल्या गोठलेल्या तळ्यावर १९५२ पासून फर्डिनांड पोर्शे यांच्या स्मरणार्थ शर्यती होऊ लागल्या. गाडीमागे दोर बांधून त्याला धरून स्कीवर घसरत जाणारा एक माणूस, असा तो अजब प्रकार. जिथे गाडी जन्मते तिथली हवा तिच्या अंगी लागतेच.

९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं असतं. गाडीच्या वजनापैकी साठ टक्क्यांच्या आसपास भाग मागच्या चाकांवर. चढणीवर तर वजन आणखी मागे सरकतं आणि चाकं बर्फात रुतून गाडी वर ढकलतात. हा झाला फायदा. तोटा असा की हातोडा उलटा धरून फिरवावा तशी ही गाडी वळते. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन झटकन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं जड इंजिन गाडीला गरकन फिरवतं. म्हणजे घाबरलेल्या माणसाची सगळ्यांत साहजिक कृती हीच सगळ्यांत घातक कृती. या गाडीत भीतीला जागा नाही असं म्हणतात ते शौर्याच्या अर्थानं नव्हे, अगदी यंत्रशास्त्राच्या अर्थानं.

मग ती चालवायची कशी? वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, वेग कमी करायचा. वळणात शिरताना पाय हलका ठेवायचा, आणि गाडीचं तोंड फिरलं की हळूहळू रेस देत बाहेर पडायचं. रेस दिली की वजन मागे बसतं आणि मागची चाकं पुन्हा रस्ता धरतात. मागचा भाग घसरू लागलाच तर ज्या बाजूला तो घसरतोय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं, आणि गाडी सावरतेय असं वाटताच, अगदी त्या क्षणी, ते परत सोडायचं. उशीर झाला तर ती उलट दिशेला फिरते. स्वीडन-फिनलंडचे चालक तर आणखी एक युक्ती करत. उजवीकडे वळायचं असेल तर आधी थोडं डावीकडे वळवायचं, गाडी डोलू द्यायची आणि त्या डोलण्याच्या जोरावर तिला उजवीकडे फेकायची. बर्फात स्टिअरिंग ऐकत नसेल तर वजनालाच स्टिअरिंग बनवायचं! जिथे सहा महिने रस्ते पांढरे असतात, तिथली पोरं हे खेळता खेळता शिकत.

त्या हातांच्या मागे टायरांचीही कथा होती. बर्फासाठीचा खास टायर फिनलंडनं बनवला, १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी. पुढे टायरांत धातूचे बारीक खिळे आले, काचेसारख्या बर्फात रुतणारे. पण माँटे कार्लोची गोम अशी की घाट पायथ्याशी कोरडा, मध्ये ओला, माथ्यावर पांढरा आणि उतरणीला पुन्हा कोरडा. खिळ्यांचे टायर बर्फात सोनं, डांबरावर माती. म्हणून प्रत्येक चमू आपली माणसं आधी पुढे पाठवी. ती घाट पाहून येत आणि कुठल्या वळणावर बर्फ आहे हे टिपणात लिहून देत. मग टायर ठरे. टायरचा निर्णय चुकला तर चांगल्यातला चांगला चालकही हतबल.

१९६८ साली हे सगळं जुळून आलं. इंग्लंडचा विक एलफर्ड पोर्शे ९११ घेऊन उतरला होता. त्याच्याशी झुंजत होता फ्रेंच जेरार लारूस, आल्पिन ए-११० मध्ये. तीही इंजिन मागे असलेलीच गाडी. शेवटच्या रात्री कोल द्यु तुरिनी या १६०७ मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर काही प्रेक्षकांनी मजा म्हणून कोरड्या रस्त्यावर फावड्यांनी बर्फ टाकून ठेवला. लारूसची गाडी कोरड्याच्या हिशोबानं आली, बर्फावर सापडली आणि आपटली. एलफर्ड जिंकला, आणि त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत जाऊन डेटोनाची २४ तासांची शर्यतही जिंकला. एकाच माणसानं पंधरवड्याच्या आत बर्फही जिंकला आणि मैदानही.

१९६९ आणि १९७० साली स्वीडनच्या ब्योर्न वाल्डेगॉर्डनं ९११ मध्येच ती रॅली जिंकली. १९७१ साली ओवे अँडरसननं आल्पिनमधून. १९७२ साली सांद्रो मुनारी लान्चिया फुल्विया घेऊन जिंकला, ही त्या पंधरांमधली पुढच्या चाकांची एकुलती एक गाडी. १९७३ साली, जागतिक रॅली अजिंक्यपद सुरू झालं त्याच वर्षी, पुन्हा आल्पिन. मग लान्चियानं रॅलीसाठीच जन्माला घातलेली स्ट्राटोस आली. तुटपुंजी लांबी, पाचरीसारखा आकार आणि चालकाच्या पाठीमागे फेरारीचं इंजिन. मुनारीनं तिच्यातून १९७५, १९७६, १९७७ अशी तीन वर्षं ओळीनं रॅली जिंकली. १९७८ साली जाँ-पिएर निकोला खाजगी पोर्शे घेऊन जिंकला. १९७९ साली पुन्हा स्ट्राटोस, बेर्नार दार्निश चालवत. अवघ्या ६ सेकंदांनी!

आता त्या चौदा विजयांची वाटणी करू. चौदांपैकी बारा गाड्यांचं इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं. म्हणजे ‘मागची चाकं बर्फात निरुपयोगी’ ही म्हण अर्धीच खरी. मागे वजन असलेली मागची चाकं बर्फात उत्तम, मागे वजन नसलेली वाईट. राहिले दोन विजय, १९८० सालचा फियाट १३१ चा आणि १९८२ सालचा ओपेल अस्कोनाचा. इंजिन पुढे, ताकद मागे, आपल्या पद्मिनीच्याच रचनेच्या गाड्या. म्हणजे बर्फात सगळ्यांत गैरसोयीच्या. या दोन्ही रॅली एकाच माणसानं जिंकल्या.

त्याचं नाव वॉल्टर रोर्ल. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग गावचा. तरुणपणी तो तिथल्या बिशपांच्या कारभारात कचेरीची कामं करी आणि साहेबांची गाडीही चालवी. (आम्हां कारकुनांना अभिमान वाटावा अशी ही एकच क्रीडाकथा मला सापडली आहे!) हजारो किलोमीटर दुसऱ्याला बसवून न्यायचं तर गाडी हिसके न देता, लोण्यासारखी चालवावी लागते. बर्फाला हवं असतं तेही नेमकं हेच. वजनानं जे दिलं नाही ते हातानं मिळवलं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. रोर्लनं माँटे कार्लो चार वेळा जिंकली, चार वेगवेगळ्या गाड्यांतून.

पण शेवट जवळ आला होता. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात आऊडीचे इंजिनियर गाड्यांची चाचणी घेत होते. सोबत फोक्सवागनची इल्टिस ही लष्करी जीप होती, चारही चाकांना ताकद देणारी. इंजिन अगदीच साधं, पण बर्फावर तिच्यापुढे दमदार गाड्या मागे पडत. हीच ताकद रस्त्यावरच्या गाडीला दिली तर? पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रियातल्या टुराख घाटाच्या २३ टक्के चढणीवर नमुन्याची गाडी नेली. बर्फाचे टायर नाहीत, साखळ्या नाहीत. गाडी चढून गेली. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हात आऊडी क्वाट्रो जगासमोर आली. १९८१ च्या माँटे कार्लोत हानू मिकोला तिच्यातून मिनिटांच्या फरकानं पुढे गेला आणि अपघातात अडकला. मागच्या चाकांच्या छोट्या रेनो ५ टर्बोला विजय मिळाला, पण बर्फावर क्वाट्रो काय करते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्याच महिन्यात स्वीडनची बर्फातली रॅली तिनं जिंकली.

१९८३ साली मागच्या चाकांनी शेवटचा विजय मिळवला, आणि तो कसा मिळवला ते पाहण्यासारखं आहे. लान्चिया ०३७, इंजिन मध्ये, ताकद मागे, चालक रोर्ल. त्या वर्षी बर्फ कमी होता. लान्चियाच्या चमूचा म्होरक्या चेझारे फिओरिओ याच्याबद्दल सांगतात की त्यानं घाटात मीठ टाकण्याचीही व्यवस्था केली, म्हणजे बर्फ वितळावा! आणि टप्प्याच्या मध्येच गाडी थांबवून बर्फाचे टायर काढून कोरड्याचे बसवायचा बेतही आखला. लान्चिया पहिल्या आणि दुसऱ्या, आऊडी तिसरी आणि चौथी. पण विचार करा, एके काळी मागच्या चाकांनी बर्फावर स्वार होऊन जिंकलं होतं. आता जिंकण्यासाठी त्यांना बर्फच घालवावा लागला. पुढच्या वर्षी, १९८४ साली, बर्फ भरपूर पडला आणि पहिल्या तिन्ही गाड्या क्वाट्रो होत्या. पहिली चालवत होता रोर्लच. शहाण्या माणसानं वारा ओळखला होता.

योगायोग पाहा. १९८३ च्याच डिसेंबरात भारतात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि अँबॅसिडर-पद्मिनीच्या देशाला पुढच्या चाकांची सवय लागली. आज आपल्याकडच्या नव्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मागच्या चाकांवरची मोटार कधी चालवलेलीच नाही. पहिल्या पावसात, तांबड्या मातीच्या लेपावर मागची चाकं सरकली की काय करायचं हे जुन्या टॅक्सीवाल्यांच्या हातांना ठाऊक होतं. विचारलं तर त्यांना ते शब्दांत सांगता आलं नसतं, पण हात बरोबर फिरायचे.

मग हे हातांचं ज्ञान गेलं कुठे? इथे या इतिहासातलं शेवटचं पान येतं. १९८९ सालच्या हिवाळ्यात उत्तर स्वीडनमध्ये मर्सिडीजचा एक इंजिनियर चाचणीसाठी गाडी चालवत होता. मागच्या चाकांचीच गाडी. ती बर्फावर घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात गेली. ओढून काढायला गाडी येईपर्यंत तो तिथे बसून राहिला आणि त्याला सुचलं की चाकांचे वेग, स्टिअरिंगची दिशा आणि गाडीचं फिरणं हे सगळं यंत्रानं मोजलं, तर यंत्र स्वतःच एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी सावरू शकेल. त्यातून बॉश कंपनीबरोबर घडलेली यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. मागचा भाग बाहेर जाऊ लागला की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो, इंजिनाचा जोर आपोआप कमी होतो आणि गाडीचं तोंड वळणावर येतं. चालकाला कळायच्या आत. २०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघातल्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची झाली. आज पोर्शे ९११ बर्फाचे टायर घालून आल्प्समध्ये सहज फिरते, आणि तिचा मालक वाल्डेगॉर्ड असण्याची गरज नसते.

जुन्या मंडळींना याचं वाईट वाटतं. कौशल्य मेलं, म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. सरकारी कचेरीत एखादा जुना रेकॉर्ड-कीपर असा असतो की कुठली फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या गठ्ठ्यात, हे फक्त त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की सगळं खातं थांबतं. त्याच्या हुशारीचं सगळ्यांना कौतुक, पण लांबच्या गावाहून बस बदलत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘उद्या या’ ऐकावं लागतं त्याचं काय? ज्ञान एकाच्याच हातात असलं की त्याची दंतकथा होते. ते नोंदीत, यंत्रात, सगळ्यांच्या हाताशी आलं की त्याची सोय होते. दंतकथा ऐकायला गोड, पण सोय जीव वाचवते.

फक्त एक अट आहे. ते ज्ञान यंत्रात घालण्याआधी कुणीतरी ते हातानं मिळवलेलं असावं लागतं. घसरणारी गाडी कशी सावरायची हे बर्फानं एलफर्डला, वाल्डेगॉर्डला, रोर्लला शिकवलं, वळणावळणावर, रात्रीच्या अंधारात. इंजिनियरनं लिहिलेली गणितं त्याच हालचालींची आहेत. आणि यंत्रालाही भौतिकशास्त्र चुकलेलं नाही. पकडीची पिशवी तेवढीच राहते, ती फक्त काटकसरीनं खर्च करून देते. दाबलेल्या बर्फावर थांबायला आजही कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. बर्फाच्या चांगल्या टायरनं ते बरंच कमी होतं, पण कोरड्या रस्त्याइतकं होत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर सुटते, लवकर थांबत नाही. हे विसरून भरधाव जाणारे चरात सापडतात ते चारचाकी ताकदीच्या गाड्यांसकट.

तेव्हा ती म्हण दुरुस्त करायची झाली तर अशी करावी लागेल. बर्फात कुठली चाकं ढकलतात हा प्रश्न तिसरा. वजन कुठे आहे हा दुसरा. पहिला प्रश्न हा, की वळणाच्या आधी वेग कमी केला का? आमच्या अनमोडच्या घाटात पावसाळ्यात गाडी घालणाऱ्यांनीही हाच क्रम ध्यानात ठेवायला हरकत नाही.